अकीक की जास्पर? रंगावर जाऊ नका
लाल तो जास्पर, पट्टेवाला तो अकीक, असं या दोन दगडांबद्दल सर्रास म्हटलं जातं. त्यात थोडी भर. दोन्ही मुळात अतिसूक्ष्म स्फटिकांचं क्वार्ट्झच (गारगोटीचं खनिज). दगड ओला करून पातळ कडेमागे टॉर्च धरा. उजेड झिरपला तर अकीक किंवा बिनपट्ट्यांची कॅल्सेडनी (तेही असंच सूक्ष्म क्वार्ट्झ), अडला तर जास्पर. एकाच दगडात दोन्हीही असू शकतात, तेव्हा एकाच नावाचा हट्ट नको. पट्टेदार कॅल्साइट (चुनखडीतलं मऊ खनिज) मात्र अकिकासारखा दिसून फार फसवतो! 1 ते 10 च्या मोह्स मापनावर त्याची कठिणता 3, क्वार्ट्झची 7. चाकूच्या टोकाने कॅल्साइटवर ओरखडा उठतो, अकिकावर उलट पोलादाचीच करडी रेघ उरते. ही चाचणी मागच्या, खडबडीत बाजूलाच करा, प्लीज. आणि भडक गुलाबी-निळे तुकडे बहुधा रंगवलेले. भेगांत साचलेला रंग भिंगातून दिसतो.