चाकाचा 'थकवा' की 'श्रांती'?

मांडवीकाठ: रेल्वेच्या चाकांवरची प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करतेय. 'फटीग'ला मी 'थकवा' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'श्रांती' केलं. मला तर श्रांती वाचून विश्रांतीच आठवते. तुम्ही काय म्हणता?

निवृत्त लोको: कुळे ते कॅसलरॉक घाटात, ३७ ला १ चढावर, सगळी नोकरी गेली. आम्ही 'फटीग'च म्हणायचो. पण ताई, झीज आणि फटीग एकात घालू नका. झीज म्हणजे पोलाद घासून जाणं. फटीगमध्ये तोच भार पुन्हापुन्हा येऊन चीर धरते, वरून चाक चकचकीत असतं. उतारावर ब्रेक ब्लॉक सतत दाबलेले, चाक तापतं. चारशे अंशांच्या पुढे पोलाद मऊ पडतं, मग दोन्ही वाढतात.

फोंड्याची सून: थकवा झोपल्यावर जातो. पोलादाची चीर जाते का? 'शीण'ही त्यातलाच.

पेडण्याचा: मऊ पडण्याला आमच्याकडे लोहार 'पाणी उतरलं' म्हणतो. कोयता चुलीत राहिला की पाणी उतरतं, धार टिकत नाही. इतका नेमका शब्द असताना संस्कृतात कशाला शिरायचं?

निवृत्त लोको: मऊ पडण्याला बरोबर. पण चाक जाम होऊन रुळावर घसरलं तर उलटं होतं. तेवढा ठिपका क्षणात सातशेच्या वर जातो आणि बाकीचं थंड चाक त्याची उष्णता लगेच ओढून घेतं. तिथं पाणी चढतं! तो भाग अतिकडक, ठिसूळ होतो आणि त्याच्या कपच्या उडतात. शिवाय कारखान्यात चाकाच्या कडेवर मुद्दाम पाणी मारून दाब बसवलेला असतो, त्यामुळे चीर वाढत नाही. ब्रेकनं फार तापलं की दाब जाऊन ताण येतो. मोठी चीर तिथूनच.

मांडवीकाठ: काका, हे 'पाणी चढणं' पुस्तिकेत घेते. चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या भागाला 'धावपट्टी' लिहिलंय, चालेल?

पेडण्याचा: धावपट्टी दाभोळीला, विमानाची. चाकाला असते ती 'धाव'. बैलगाडीची धाव तापवून चढवतात, गार झाली की आवळून बसते.

निवृत्त लोको: ती वेगळी चढवतात. आमचं चाक अखंड होतं, त्याला धाव कुठली?

पेडण्याचा: चढवलेली असो की अखंड, रुळावर धावते ती धावच.

फोंड्याची सून: मग कडेला काय म्हणणार? आमच्या घरी गाड्याच्या त्या भागाला 'पाटा' म्हणायचे.

निवृत्त लोको: पाटा म्हणजे स्प्रिंगचा! पाटे निराळे, उद्या फोटो टाकतो.