प्रतिसाद: इतवारीले दुय्यम म्हणू नका

वर एकानं लिहिलंय की इतवारी म्हणजे नागपूरचं "उरलंसुरलं" स्टेशन. शहरवाल्याले तसं वाटत असंल. आमच्या भिवापूरकडे मात्र कितीतरी वर्षं नागपूर म्हणजेच इतवारी होतं.

कारण छोटी गाडी. इतवारी-नागभीड नॅरोगेज, रुळांतलं अंतर अडीच फूट. कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडले पोचायची. तिथून गोंदिया-बल्लारशा लाईन मिळे. आमची आजी मिरचीचं पोतं घेऊन त्याच गाडीनं जायची. उतरलं की बाजारपेठ जवळच, मेन स्टेशनचं कामच काय? अख्ख्या डब्याले ठसका लागायचा, तो भाग वेगळा.

नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ती गाडी बंद झाली. तेव्हापासून आम्ही एसटीवाले.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. नागपुरात रेल्वेचे दोन विभाग आहेत आणि दोघांचंही नाव नागपूरच. मेन स्टेशन अन् अजनी मध्य रेल्वेकडे. इतवारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे, जिचं मुख्यालय बिलासपूर. म्हणून गोंदिया-रायपूरकडच्या काही गाड्या इतवारीहूनच सुटतात. सावनेर-छिंदवाड्याची लाईनही तिथलीच. तीही आधी नॅरोगेज होती, आता ब्रॉडगेज झाली.

तिकिटावर आता "नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी" असं येतं, ते नीट वाचा. माझा मावसभाऊ न वाचता मेन स्टेशनवर जाऊन बसला होता. गाडी गेल्यावर फोन केला, "दादा, गाडी लागलीच नाही ना इथं!"