मदत हवी: आईच्या पिशवीत पॉलिप निघालाय, कशामुळे झाला असेल?

लेक_सोलापूरची
पंधरा दिवसांपासून आईच्या अंगावरून जातंय. घरात कुणाला बोलली नाही. परवा पहाटे चारला मोरीत दिवा दिसला म्हणून उठले, तर ती चादर घासत बसलेली. तेव्हा कळलं. सोनोग्राफीत 'एंडोमेट्रियल पॉलिप, 1.6 सेमी' आलंय. डॉक्टर म्हणाले काढून तपासायला पाठवू. कशामुळे झाला विचारलं तर "हार्मोनमुळे" एवढंच, आणि पुढचा पेशंट आत. आई सारखी विचारते, माझं काय चुकलं गं? काय सांगू तिला? लवकर सांगा प्लीज.

जुळे_सोलापूरकर
माझ्या बायकोला फायब्रॉइड होता, 5 सेमी. पिशवीच काढून टाकली, कटकट गेली. आता दोन मजले चढते. तुम्हीही तेच करा.

निवृत्त_सिस्टर
दादा, फायब्रॉइड ही स्नायूची गाठ. पॉलिप म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तराला फुटलेला कोंब. दोन्ही वेगळं. ताई, आईचं वय काय? पाळी गेली का? बीपी, शुगर, वजन? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

लेक_सोलापूरची
वय 58. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. बीपीची गोळी चालू आहे. वजन 81. पण मी कारण विचारतेय, तिची माहिती नाही.

निवृत्त_सिस्टर
अगं, कारण त्या माहितीतच आहे. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं. पाळी गेली की अंडाशय ते बनवायचं थांबवतं, पण अंगावरच्या चरबीत थोडं थोडं बनत राहतं. म्हणून जाड बायकांत पॉलिप जास्त दिसतात. बीपी असणाऱ्यांतही जास्त सापडतात. तिचं काही चुकलं नाही, हे तिला आधी सांग.

काढा_वाला
अशोकारिष्ट सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, तीन महिने. माझ्या मेव्हणीचं अंगावरून जाणं बंद झालं. तांदूळ आणि आंबट बंद करा.

निवृत्त_सिस्टर
मेव्हणीची पाळी चालू होती की गेलेली? पाळी गेल्यावर एक डाग पडला तरी तपासणी आधी. बहुतेक पॉलिप साधेच असतात, पण या वयात त्यात कॅन्सर सापडण्याची शक्यता तरुण बायकांपेक्षा जास्त असते. तीन महिने काढ्यावर घालवू नका.

काढा_वाला
तुम्हा लोकांना आयुर्वेदाचं वावडं आहे.

अक्कलकोट_रोड
आई विड्या वळायच्या का? दिवसभर तंबाखूत बसून बायकांना काय काय होतं. आमच्या आईचं आयुष्य सुपात गेलं. आणि शेवटी पेन्शन किती, तर 1000 रुपये! 2014 पासून किमान रक्कम तीच. यावर कुणी बोलत नाही.

लेक_सोलापूरची
हो, वीस वर्षं वळल्या. चार वर्षांपूर्वी बार्शीला ऑपरेशन झालं तेव्हा सोडलं. विडीमुळे झालं का हे?

निवृत्त_सिस्टर
विडी राहू दे. बार्शीला कसलं ऑपरेशन??

लेक_सोलापूरची
छातीच्या गाठीचं. कॅन्सरची होती. ते बरं झालंय, आता फक्त एक गोळी रोज. त्याचा काय संबंध?

निवृत्त_सिस्टर
गोळीचं नाव बघून सांग. आत्ता.

लेक_सोलापूरची
टॅमॉक्सिफेन 20.

निवृत्त_सिस्टर
हेच पहिल्या ओळीत हवं होतं गं. ही गोळी स्तनात इस्ट्रोजेनला अडवते, पण पिशवीच्या अस्तरावर स्वतःच इस्ट्रोजेनसारखं काम करते. पाळी गेलेल्या बाईला ती चालू असली की पॉलिपचा धोका वाढतो, अस्तराच्या कॅन्सरचाही थोडा वाढतो. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं होतं का?

लेक_सोलापूरची
नाही. त्यांनी विचारलं "काय औषधं चालू?", आई म्हणाली बीपीची. मग आजच गोळी बंद करू का?

निवृत्त_सिस्टर
अजिबात नको! तीच गोळी कॅन्सर परत येऊ नये म्हणून आहे. बदलायची की चालू ठेवायची ते बार्शीचे डॉक्टर ठरवतील. इथल्यांना विचार, दुर्बिणीतून बघत काढणार ना? नुसतं क्युरेटिंग (न बघता अस्तर खरवडणं) केलं तर पॉलिप हाताला न लागता आतच राहू शकतो.

जुळे_सोलापूरकर
म्हणूनच म्हणतो, पिशवीच काढा. मुळावरच घाव.

निवृत्त_सिस्टर
दादा, 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गेलं, ते याच सल्ल्यामुळे. तपासणीचा रिपोर्ट खराब आला तर पिशवीचा विचार होईलच. आधी नाही.

अक्कलकोट_रोड
ऊसतोडवाल्यांसाठी समिती झाली, विडीवाल्यांसाठी कोण करणार?

लेक_सोलापूरची
आईला आत्ता सांगितलं, गोळीमुळे असू शकतं, तुझं काही चुकलं नाही. रडली, मग म्हणाली ती चादर टाकून दे, डाग जात नाही. सोमवारी बार्शीची फाईल घेऊन इथल्या डॉक्टरांकडे जातेय.

निवृत्त_सिस्टर
गोळ्यांचं पाकीटही ने. आणि दार लावायच्या आत सगळं बोलून घे.