मदत हवी आहे: गोधडी तुकड्यातुकड्यांनी शिवता येईल का?

नमस्कार मैत्रिणींनो,
आजीच्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी हाताने शिवायला घेतली आहे. निवांत वेळ मिळतो तो लेकीचा कथकचा क्लास आणि मुलाचं पोहणं सुटेपर्यंत, बाहेर बाकावर. पण तिथे अख्खी गोधडी नेणार कशी? म्हणून तीन थर टाचून, धावदोरा घालून उशीच्या अभ्र्याएवढे चौकोन आधी पुरे करावेत आणि मग जोडावेत, असं मनात आहे. जोडाच्या शिवणी जाड होऊन अंगाला टोचतील का? कडेला किती कापड मोकळं सोडू? लुगडी बरीच विरली आहेत, पण मऊपणा असा की टाकवत नाहीत. थंडीच्या आत मुलांच्या अंगावर घालायची फार इच्छा आहे. आणि हो, लाल दोरा धुतल्यावर रंग सोडतो का?