कॉलेजचा खर्च कसा भागवला? ठाणे-नवी मुंबईकरांनो, आपले अनुभव लिहा

माझी मुलगी यंदा बारावीला आहे. कोणत्या शाखेची फी किती, हे सगळेच सांगतात. पण भरणा करायच्या दिवशी ते पैसे कुठून उभे राहिले, हे कोणी सांगत नाही. ज्यांनी ही तजवीज केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. – नौपाडा, ठाणे

कळवा, अभियांत्रिकीचे तिसरे वर्ष
मला खुल्या प्रवर्गातून केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत जागा मिळाली. घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याने राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळणार होते. तरीही महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागितली, तेव्हा आईने भिशी उचलून ती भरली. पुढे महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज मंजूर झाला, पण पैसे कुठे दिसेनात. बऱ्याच आठवड्यांनी उलगडा झाला की रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जाते आणि माझे आधार शाळेत असताना उघडलेल्या, केव्हाच वापरातून गेलेल्या खात्याशी जोडलेले होते. अर्ज भरण्यापूर्वी बँकेत जाऊन एवढे अवश्य तपासा. नूतनीकरणाचा अर्जही दरवर्षी करावा लागतो. भिशीचे उरलेले हप्ते मी नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन फेडले, आणि त्याचे मला फार समाधान आहे.

कोपरखैरणे, एक वडील
आम्ही ४ लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले. एवढ्या रकमेला तारण द्यावे लागले नाही. हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात, म्हणून अनेक जण तोवर निश्चिंत राहतात. पण व्याज पहिल्या उचलीपासूनच चढत असते. पहिल्या वर्षी आम्ही १ लाख उचलले, तेव्हा ९ टक्क्यांनी महिन्याला ७५० रुपये व्याज होत होते. ते मी दरमहा भरत गेलो, त्यामुळे मुलाला नोकरी लागली तेव्हा त्याच्या डोक्यावर फक्त मुद्दल होते.

घणसोली, वाणिज्य
महाविद्यालयातून सवलतीचा फॉर्म घेऊन ठाण्याचा लोकलचा त्रैमासिक पास काढला की तो निम्म्या भाड्यात मिळतो. पहिले वर्षभर मला हे माहीतच नव्हते.

दिवा, औषधनिर्माणशास्त्र
ताई, आपली मुलगी आहे म्हणून मुद्दाम लिहिते. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे; मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा, व्यवस्थापन कोट्यातील जागेला ही माफी मिळत नाही. विकास शुल्क, प्रयोगशाळेचा अॅप्रन, पुस्तके यांसाठी रोख बाजूला ठेवावीच लागते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी निकालाची वाट पाहू नका. निकालानंतर सेतू केंद्रात एवढी गर्दी होती की मला तीन वेळा हात हलवत परतावे लागले, आणि दाखला हाती आला तेव्हा कागदपत्र पडताळणीला दोनच दिवस उरले होते.