मदत दुकानाला मिळाली, घरातल्या धंद्याचं काय?

"हातगाडीवाल्याला 5 हजार, छोट्या-मध्यम पक्क्या दुकानाला 85 हजार जाहीर झाले, मग बडोद्यात तक्रार कसली?" असं पूरमदतीबद्दल एकाने विचारलंय. ऑगस्ट 2024 मध्ये शहरातली विश्वामित्री नदी 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 च्याही वर गेली, त्यानंतर ही मदत जाहीर झाली, हे खरंच. चांगलंच झालं.

पण आमच्या शेजारच्या काकू तळमजल्याच्या भाड्याच्या खोलीत शिवण करतात. मशीनच्या मोटरीत गाळ गेला, नवरात्रीसाठी आलेल्या चणियाचोळ्यांचा रंग एकमेकींना लागला, गिऱ्हाइकांना भरपाई त्यांनीच दिली. त्यांच्याकडे ना हातगाडी, ना दुकान, ना जीएसटी. कुठल्या रकान्यात बसवायचं त्यांना? अशा बायका गल्लोगल्ली आहेत, आणि त्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, याचा मला फार राग येतो.

2025 च्या उन्हाळ्यात नदी रुंद आणि खोल केली, ते काम हवंच होतं. भूखी कांससारखे शहरातले नालेही तितक्याच नेटाने मोकळे ठेवायला हवेत. आणि घरातून धंदा करणाऱ्यांची वॉर्डवार यादी पावसाळ्याआधी तयार हवी; पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला पुरावा कुठून आणायचा?