तामांग लोकांचं नवीन वर्ष नक्की कधी असतं?

मी जानेवारीच्या शेवटी काठमांडूला जाणारे, तिथे ल्होसार बघायचाय पण नेटवर तीन वेगवेगळ्या तारखा दिसतात, गोंधळ झालाय. कुणाला नीट माहितीये का?

—

गोंधळ होणारच, कारण ल्होसार तीन आहेत. गुरुंगांचा तमू ल्होसार पौष महिन्यात, शेर्पांचा ग्याल्पो फाल्गुनाच्या आसपास, आणि तामांगांचा सोनाम ल्होसार माघ शुद्ध प्रतिपदेला, म्हणून तारीख दरवर्षी सरकते, २०२४ ला १० फेब्रुवारी होती आणि २०२५ ला ३० जानेवारी. ल्हो म्हणजे वर्ष, सार म्हणजे नवीन. बारा प्राण्यांचं चक्र असतं, २०२५ ला सापाचं वर्ष लागलं.

—

टुंडिखेल मैदानावर नक्की जा!! तिथे मोठा कार्यक्रम असतो, पारंपरिक पोशाखात सगळे येतात आणि तामांग सेलो, म्हणजे त्यांची लोकगीतं, गातात. त्यांचं वाद्य डंफू मात्र जवळ जाऊन बघ, लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं आणि कडेने बांबूच्या ३२ खुंट्या, बुद्धाची ३२ लक्षणं म्हणून ३२ असं मानतात. मला तर तो आवाज फार आवडतो, एकदा सुरू झाला की पाय आपोआप हलतात.

—

सकाळी बौद्धनाथ स्तूपालाही जाऊन ये, लोक गोम्पात (बौद्ध मठात) पूजा करतात, घरांवर नवीन प्रार्थना-पताका लावतात. आणि कुणी घरी बोलावलं तर खाप्से खा, पिठाचे तळलेले असतात, मस्त कुरकुरीत. भेटल्यावर ‘ल्होसार फ्याफुल्ला’ म्हण, खूप खूश होतात.

—

थँक्यू सगळ्यांना, आता पंचांग बघूनच तिकीट काढते.